काखेत नूक, जगाला वळसा

जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ मिनिटांसकट सांगणारी गणकयंत्रं हल्ली फुकटात मिळतात. रिकाम्या दुपारी करायला हा छान उद्योग आहे. रमीपेक्षा स्वस्त, राजकारणापेक्षा निरुपद्रवी आणि जागचं न हलता जग पाहिल्याचं पुण्य पदरात. तर अशाच एका दुपारी मी इकालुइत आणि नूक ही दोन नावं टाकली. उत्तर पटकन आलं : अंतर सुमारे ८२० किलोमीटर, वेळ दीड तास. म्हणजे आपलं मुंबई–बेंगळुरू! सकाळी निघावं, काम उरकावं आणि रात्री पानावर घरी हजर.

यंत्राची रीत अगदी सोपी असते. पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यांत जवळची वाट मोजायची, ताशी आठशेएक किलोमीटरनं भागायचं आणि वर चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास दक्षिणा ठेवायची. हिशेबात खोट काढायला जागा नाही. एकच गोष्ट ते विचारत नाही : विमान आहे का?

हा प्रश्न विचारला तो आमच्या शेजारच्या कंट्रोलरसाहेबांनी. हे गृहस्थ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही कुणी पाहुणा आला की ‘चहा घेणार का’च्या आधी ‘परतीची गाडी कितीची?’ हे विचारतात. त्यांच्या लेखी अंतर ही दुय्यम बाब. गाडी नसेल तर दोन गावांमध्ये अंतर नसतं, नुसता डोंगर असतो. मी त्यांना ८२० किलोमीटर आणि दीड तास असं ऐकवलं, तर म्हणाले, “ते झालं. गाडी कितीची?”

आता गाडीच्या आधी गावं सांगायला हवीत. इकालुइत ही कॅनडातल्या नुनावुत प्रदेशाची राजधानी. बॅफिन बेटावर, वस्ती साडेसात हजारांच्या आतबाहेर. नूक ही ग्रीनलंडची राजधानी, वस्ती वीस हजारांच्या आसपास. मध्ये डेव्हिस सामुद्रधुनी. दोन्ही गावं ६४ अक्षांशाच्या अगदी लगत. पट्टी ठेवली तर एकाच रेघेवर यावीत. दोन्हीकडे राहणारे लोक इनुइट, बोली एकाच घरातल्या, खाणं तेच, समुद्र तोच, थंडीला शिव्या द्यायची गरज न वाटण्याचा स्वभावही तोच. दोन्ही गावांना बाहेरून येणारा रस्ता नाही. इकालुइतमध्ये तर गावाबाहेर जाऊन संपणाऱ्या एका रस्त्याचं नावच ‘रोड टू नोव्हेअर’ आहे. पाटी लावण्याइतका प्रामाणिकपणा आपल्याकडच्या बांधकाम खात्यातही आढळत नाही.

दोन्ही गावांनी साहेबानं ठेवलेलं नाव टाकून आपलं नाव परत घेतलं. इकालुइत १९८७ पर्यंत फ्रोबिशर बे होतं, नूक हे गोटहोब होतं. पण विमान कंपन्यांच्या दप्तरी इकालुइतची खूण अजून ‘वायएफबी’ आणि नूकची ‘जीओएच’. गाव बदललं, पाट्या बदलल्या, पण बॅगेच्या मुठीला अडकवलेल्या चिठोऱ्यावर साहेब अजून मांडी घालून बसलेला आहे. आपण हसू नये, कारण मुंबईला उतरणाऱ्या बॅगेवर आजही ‘बीओएम’च असतं.

हा फ्रोबिशर म्हणजे मार्टिन फ्रोबिशर. १५७६ मध्ये इंग्लंडहून निघाला तो चीनकडे जायची उत्तरेची वाट शोधायला. बॅफिन बेटाच्या पोटात शिरलेली खाडी दिसली आणि ही आरपार जाणारी सामुद्रधुनीच, असं त्यानं ठरवून टाकलं. खाडी पुढे बंद होती. मग त्याला तिथं सोनं दिसलं. दोन वर्षांत हजारावर टन दगड जहाजांतून इंग्लंडला नेले. तपासणीत ते निव्वळ दगड निघाले आणि अखेर रस्त्यांच्या खडीत गेले. या भागात प्रवासाचा अंदाज आणि प्रवास यांचा काही संबंध नसतो, ही परंपरा इतकी जुनी आहे. खडी मात्र उपयोगी पडली, तेवढं श्रेय द्यायला हवं.

आता कंट्रोलरसाहेबांच्या प्रश्नाकडे येऊ. गाडी कितीची?

गेल्या काही दशकांतल्या बहुतेक वर्षांत या प्रश्नाचं उत्तर ‘गाडी नाही’ असंच होतं. मग इकालुइतच्या माणसाला नूकला आपल्या लांबच्या आत्याकडे जायचं झालं तर त्यानं काय करावं? पहिल्यांदा त्यानं नूककडे पाठ करावी. विमानात बसून दक्षिणेला ओटावाला जावं : सुमारे २१०० किलोमीटर, तीन तास. हे तिकीट इतकं महाग की त्या पैशांत ओटावाचा माणूस युरोप पाहून येतो. ओटावाहून टोरंटो. टोरंटोला उतरल्यावर अंगावरचं जाड पार्का काढून काखोटीला मारावं, कारण उन्हाळ्यात तिथं घामाच्या धारा लागतात. मग टोरंटोहून अटलांटिक ओलांडून कोपनहेगन : सव्वासहा हजार किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. कोपनहेगनला डोळे चोळत उतरावं, मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी तोच अटलांटिक पुन्हा, या वेळी उलट्या दिशेनं, ओलांडावा. म्हणजे ज्या समुद्राची आपल्याला मुळात गरजच नव्हती तो दोनदा पार करायचा.

एवढं करूनही नूक यायचं नाही. यायचं ते कांगर्लुसुआक. कारण २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत नूकची धावपट्टी जेमतेम साडेनऊशे मीटर लांब होती, तिथं मोठं विमान उतरणं अशक्य. ग्रीनलंडची मोठी धावपट्टी होती ती या कांगर्लुसुआकला, फ्योर्डच्या टोकाशी आत दडलेल्या जागी. अमेरिकेच्या लष्करानं दुसऱ्या महायुद्धात तिथं तळ उभारला, कारण हवा त्यातल्या त्यात स्वच्छ आणि स्थिर. वस्ती पाचशेच्या आसपास; भोवती कस्तुरीबैल मात्र हजारोंनी. म्हणजे देशाच्या तेव्हाच्या मुख्य विमानतळावर माणसांपेक्षा गुरं जास्त. तिथं मोठ्या विमानातून उतरून पंख्याच्या छोट्या लाल विमानात बसायचं आणि आणखी तीनशे किलोमीटर दक्षिणेला गेलं की आलं नूक. आत्या दारात उभी असते आणि विचारते, “प्रवास कसा झाला?”

एकूण बेरीज बारा हजार किलोमीटरच्या पुढे जाते. कोपनहेगन टाळून आइसलँडमार्गे गेलं तर आठ हजारांत भागतं, आणि एवढ्यावरही त्या भागातले लोक ‘चला, जवळची वाट मिळाली’ म्हणून समाधान मानतात. आठशेवीस किलोमीटरचे आठ हजार म्हणजे पाढा तरी सरळ आहे. शाळेच्या भिंतीवरचा सपाट नकाशा हेच अंतर सव्वादोनपट फुगवून दाखवतो. म्हणजे नकाशा दुप्पट सांगतो, गणकयंत्र खरं सांगतं आणि तिकीट-खिडकी दहापट. विश्वास तिकीट-खिडकीवरच ठेवावा लागतो, कारण पैसे ती घेते.

आपल्याकडे याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. पण मला दुसरंच चित्र दिसतं. एकाच वाड्यात शेजारशेजारच्या खोल्यांत दोन जावा राहतात आणि एकीनं दुसरीला वाटीभर साखर मागायची तर निरोप पहिलीच्या माहेरी जाणार, तिथून दुसरीच्या माहेरी आणि मग परत वाड्यात. इकालुइतचं माहेर ओटावा, नूकचं कोपनहेगन. हवामानानं किंवा बर्फानं केलेली ही व्यवस्था नाही. ती माहेरच्यांनी केली. कारभार ओटावातून आणि कोपनहेगनमधून चालायचा, म्हणून अधिकारी, डॉक्टर, शिक्षक, फायली आणि टोमॅटो तिथूनच यायचे, आणि विमानंही त्याच वाटेनं जायची. शेजाऱ्याकडे जायचं काम कुणाच्या अंदाजपत्रकात बसत नव्हतं. दोन्ही गावांचा जगाशी संबंध आला तो दोरीच्या टोकाला बांधलेल्या वासरासारखा. दुसऱ्या खुंटीपर्यंत दोरी पुरायचीच नाही.

गंमत म्हणजे हे दोन किनारे जोडायचा विचार युद्धखात्याला सुचला होता. १९४० च्या दशकात अमेरिकेहून लढाऊ विमानं युरोपला पोचवायची होती. त्यासाठी बॅफिन बेटावर जिथं आज इकालुइत आहे तिथं धावपट्टी बांधली, समोर कांगर्लुसुआकला दुसरी, आणि या वाटेला ‘क्रिमझन रूट’ असं भारदस्त नाव दिलं. ती फारशी वापरलीच गेली नाही, युद्ध दुसऱ्या वाटांनी गेलं. धावपट्ट्या उरल्या. माणसाला शेजाऱ्याकडे जाता यावं म्हणून कुणी एवढं डांबर ओतल्याचं उदाहरण इतिहासात सापडत नाही. बाँबगोळ्यांसाठी लगेच निविदा निघतात.

मध्यंतरी २०१२ मध्ये एअर ग्रीनलंडनं नूक–इकालुइत अशी उन्हाळी सेवा सुरू केली. दोन-तीन उन्हाळे चालली आणि उतारू नाहीत म्हणून बंद झाली. हे ऐकल्यावर कंट्रोलरसाहेबांनी अशी मान हलवली, की जणू त्यांच्याच आगारातली फेरी रद्द झाली. “भारमान नाही म्हणून गाडी काढायची आणि गाडी नाही म्हणून भारमान नाही. हे सगळीकडे सारखंच,” असं म्हणून त्यांनी बर्फाळ प्रदेशाला एकदम आपल्या विभागात सामील करून घेतलं.

मग २०२४ च्या २६ जूनला पुन्हा मुहूर्त लागला. एअर ग्रीनलंड आणि कॅनेडियन नॉर्थ या दोघांनी मिळून आठवड्यातून एक फेरी सुरू केली, ऑक्टोबरपर्यंत. विमान पंख्याचं, डॅश-८ जातीचं, चाळीसपेक्षा कमी माणसं नेणारं. जेटच्या हिशेबानं काढलेला तो दीड तास इथं दोनच्या घरात जातो. पण ते सोडा. खरा खेळ घड्याळाचा आहे.

ग्रीनलंडनं २०२३ मध्ये आपलं घड्याळ तासभर पुढे, म्हणजे युरोपच्या जवळ सरकवलं. त्यामुळे उन्हाळ्यात नूक इकालुइतच्या तीन तास पुढे असतं. आता इकालुइतहून दुपारी बाराला निघा, दोन तास उडा, नूकला पाच वाजलेले असतात. तीन तास कुठं गेले ते कळत नाही, चहाची वेळ मात्र टळून गेलेली असते. येताना उलट. नूकहून बाराच्या ठोक्याला निघालात तर इकालुइतला उतरता तेव्हा अकरा वाजलेले असतात. म्हणजे निघण्याच्या आधी तासभर पोचता! घरून फोन आला आणि ‘कधी निघालास?’ असं विचारलं, तर ‘अजून तासाभरानं निघेन, आत्ताच पोचलो’ हे उत्तर अक्षरशः खरं ठरतं. जगात उशिरा पोचणाऱ्या गाड्यांची काही वानवा नाही, पण निघायच्या आधी पोचणारी गाडी वेळापत्रकात छापायची कशी, या चिंतेनं कंट्रोलरसाहेब दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा सांगितला : अशा गाडीला ‘जलद’ म्हणावं आणि दर दीडपट लावावा.

आठवड्यातून एकच फेरी याचा अर्थ फक्त तिथं गेलेल्यालाच कळतो. बुधवारी गेलेला माणूस पुढच्या बुधवारीच परत येणार. त्या बुधवारी धुकं असलं तर पुढचा बुधवार पाहायचा. समुद्रावरून धुकं येतं, डोंगरातून वारा उतरतो, आणि विमान गावावर घिरट्या घालून आल्या वाटेनं परत जातं. आत्याकडे पाहुणचाराला गेलेला भाचा तिसऱ्या आठवड्यात भांडी घासायला लागतो.

दरम्यान नूकला दिवस बरे आले. २८ नोव्हेंबर २०२४ ला २२०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली आणि कोपनहेगनचं मोठं विमान थेट गावात उतरायला लागलं. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कहून थेट उन्हाळी सेवा सुरू झाली. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या माणसाला नूक चार तासांवर आलं. ग्रीनलंडबद्दल अमेरिकेला अलीकडे फारच माया दाटून आली आहे, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. हजारो मैलांवरून लोक हिमनग पाहायला थेट येऊ शकतात. शेजारचा भाऊ अजून बुधवारचा हिशेब करत बसला आहे.

इकालुइतच्या विमानतळाचं दैव आणखी विचित्र. धावपट्टी लांब, अडीच किलोमीटरच्या वर. युरोप–अमेरिका आणि आशिया–अमेरिका विमानांची वाट त्याच्या डोक्यावरून जाते, म्हणून आकाशात कुणाचं काही बिनसलं की ते इथं उतरतं. एअरबसनं २००६ मध्ये आपलं अगडबंब ए-३८० थंडीत गारठतं का हे पाहायला इथंच आणलं होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत झुरिकहून लॉस एंजलिसला निघालेलं विमान एक इंजिन बंद पडल्यानं इथं उतरलं. मग नवं इंजिन महाकाय मालवाहू विमानातून आणावं लागलं आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत ते बसवलं गेलं. आणि १५ ऑक्टोबर २०२४ ला एअर इंडियाचं दिल्ली–शिकागो विमान बाँबच्या पोकळ धमकीमुळे थेट इकालुइतला आलं. आत २११ माणसं. सगळी सुखरूप होती, पण शिकागोच्या शरदऋतूच्या हिशेबानं स्वेटर घेतलेली मंडळी एकदम बॅफिन बेटावर! अखेर कॅनडाच्या हवाई दलाच्या विमानानं त्यांना शिकागोला सोडलं. म्हणजे दिल्ली–इकालुइत विनाथांबा विमान ही ऐतिहासिक घटना घडलेली आहे. फक्त तिकीट काढून जाता येत नाही.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तरेकडे सगळंच असं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांत अंतर २.७ किलोमीटर. लोगनएअरचं छोटं आयलंडर विमान १९६७ पासून तिथं नेमानं जातं. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात आणि वारा पाठीशी असला की विमान त्याहून लवकर टेकतं. विक्रम ५३ सेकंदांचा आहे. जगातली ही सगळ्यांत छोटी नियमित विमानफेरी. पट्टा आवळेपर्यंत सोडायची वेळ. शिक्षक, डॉक्टर, परीक्षेला जाणारी मुलं असे सगळे तिनं ये-जा करतात. आता आमचं गणकयंत्र आपल्या नेमाप्रमाणे चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरणार, म्हणजे ५३ सेकंदांच्या प्रवासाला ते तीस मिनिटं सांगणार. जिथं दोन-तीन दिवस लागायचे तिथं दीड तास आणि जिथं मिनिट लागतं तिथं अर्धा तास! सरासरी काढली तर यंत्र बरोबर असेल. सरासरीच्या विमानात बसलेला माणूस मात्र मी पाहिलेला नाही.

वाटेत सीमेचा विषय राहिला. कॅनडा आणि ग्रीनलंड ज्याच्या राज्यात मोडतं तो डेन्मार्क यांच्यात हान्स नावाच्या सव्वा चौरस किलोमीटरच्या उजाड खडकावरून कित्येक वर्षं वाद होता. १९८४ पासून एका देशाची माणसं येऊन झेंडा लावून श्नॅप्सची बाटली ठेवायची, दुसऱ्याची माणसं येऊन झेंडा काढून कॅनेडियन व्हिस्की ठेवायची. इतकं सभ्य युद्ध दुसरं झालं नसेल. १४ जून २०२२ ला तो खडक दोघांनी वाटून घेतला आणि या दोन देशांना जमिनीवरची सरहद्द मिळाली. तिथं ना गाव, ना झाड. खडकावर पोचायला दोन्ही सरकारांना हेलिकॉप्टर आणि जहाजं मिळत होती, आणि त्याच काळात कित्येक वर्षं इकालुइतच्या माणसाला नूकला जायला विमान मिळत नव्हतं. प्राधान्य कशाला द्यायचं हे सरकारला नेहमीच नीट कळतं.

आणि हे अंतर कधी तोडलंच गेलं नाही असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कित्लार्सुआक नावाचा एक शामान बॅफिन बेटाकडून आपल्या माणसांना घेऊन उत्तरेच्या वाटेनं निघाला आणि कुत्र्यांच्या गाड्यांनी बर्फावरून वायव्य ग्रीनलंडला पोचला. कित्येक वर्षं लागली. पण त्याला ओटावाला जावं लागलं नाही, की कोपनहेगनला मुक्काम करावा लागला नाही. तिथल्या लोकांना तो आणि त्याची माणसं काही विसरलेली कौशल्यं परत शिकवून गेली, कयाक बांधणं त्यातलं एक. आज शिकवायला काय न्यायचं म्हटलं तर आधी सामानाचं वजन करावं लागेल.

तर वाचकहो, हे वाचून कुणाला खाज आलीच, आणि ती येते, तर दोन शब्द व्यवहाराचे. सेवा त्या वर्षी चालू आहे की नाही ते आधी पाहा, तिकीट नंतर. औषधं तीन आठवड्यांची घ्या. परतीचं पुढचं विमान त्याच दिवशीचं काढू नका. भारतीय पारपत्रावर कॅनडाचा व्हिसा लागेल तो वेगळा. आणि कोपनहेगनमार्गे जाणार असाल तर नुसत्या शेंगेन व्हिसावर विसंबू नका. ग्रीनलंड शेंगेनमध्ये नाही. डेन्मार्ककडून व्हिसा घेताना त्यावर ‘ग्रीनलंडसाठी वैध’ असा शेरा मारून घ्यावा लागतो. तो नसेल तर तुम्हाला कोपनहेगनलाच थांबावं लागेल, आणि तिथून नूक साडेतीन हजार किलोमीटर आहे.